नीजिमा जो ह्यांची तीन नावे

जिंतूर तालुक्यातील खेड्यापाड्यांत बाप्तिस्म्याच्या तयारीस बसलेली कुटुंबे पाळकांस एक प्रश्न हटकून विचारीत असतात. आम्ही आता नाव बदलावे की काय, हा तो प्रश्न होय. कोणास योहान, शमुवेल, मार्था अशी शास्त्रातील नावे हवी असतात. कोणास वाटते की तलाठ्याच्या दप्तरी व शाळेच्या पटावर जुनेच नाव राहणार, मग दोन नावे बाळगून काय करावयाचे? बाबा पदमनजी व नारायण वामन टिळक ह्यांनी ख्रिस्ती झाल्यावरही आपली नावे राखिली, हे आपणांस ठाऊक आहे. दुसऱ्या कित्येक घरांत शास्त्रातील नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. दोन्ही रीती मंडळीत मान्य आहेत. परंतु ह्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. तो असा की नाव कोणतेही असो, ते नाव घेऊन मनुष्यास हाक कशी मारावी? त्याचा विचार करिताना जपान देशातील एका थोर ख्रिस्तसेवकाचे चरित्र मला वारंवार आठवते, म्हणून ते येथे वाचकांपुढे ठेवितो.

त्यांचे नाव नीजिमा जो. जपानात कुळाचे नाव आधी व स्वतःचे नाव मागून येते, म्हणून नीजिमा हे आडनाव व जो हे त्यांचे नाव. मराठी कानास हे नाव अपुरे वाटते. आपल्या भाषेत ‘जो’ म्हटले की ऐकणारा ‘तो’ची वाट पाहतो. पण ह्या गृहस्थांस आयुष्यात तीन नावे लाभली आणि प्रत्येक नावाबरोबर त्यांच्या जीविताने एक नवे वळण घेतले.

पहिले नाव

सन १८४३च्या फेब्रुवारी महिन्याच्या १२व्या तारखेस, ज्या शहरास आज टोकियो म्हणतात त्या एदो शहरात, अन्नाका येथील सरदाराच्या वाड्यात त्यांचा जन्म झाला. घराणे सामुराई, म्हणजे दोन तलवारी कमरेस लावून धन्याची चाकरी करणाऱ्या वर्गातील होते. वडील सरदाराचे लेखनिक असून मुलांस हस्ताक्षर शिकवीत. घरात आधी चार मुली झाल्या होत्या. पाचवा मुलगा झाला हे कळताच आजोबांच्या तोंडून आनंदाचा जो उद्गार निघाला तेच मुलाचे नाव झाले, अशी गोष्ट सांगतात. ते नाव शिमेता. आपण ‘साधले एकदाचे’ म्हणतो तसाच त्याचा भाव होय. आपल्याकडेही मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणजे तिचे नाव नकोशी ठेवीत. सातारा जिल्ह्यात अशा मुलींस सन २०११मध्ये जाहीर समारंभ करून नवी नावे देण्यात आली. घरच्यांचे हर्ष व विषाद लेकरांच्या नावांत असे उतरत असतात.

त्या काळी जपान देशाची दारे बंद होती. दोनशे वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती धर्मास बंदी होती व तसे फलक ठिकठिकाणी लावलेले असत. परवानगीवाचून देश सोडून जाणाऱ्यास देहान्त शासन होते. शिमेता हा वडिलांप्रमाणे लेखनाच्या कामावर लागला, परंतु त्याचे मन तेथे रमेना. एदोच्या खाडीत डच लोकांची युद्धनौका पाहिल्यापासून परदेशची विद्या शिकण्याची त्यास तळमळ लागली. कचेरी सोडून तो चोरून डच भाषा शिकावयास जाई, आणि त्याबद्दल त्याने धन्याच्या हातचा मारही खाल्ला.

पुढे एका मित्राकडून त्यास काही चिनी पुस्तके वाचावयास मिळाली. त्यांत अमेरिकेतील संस्थानांची माहिती देणारा एक ग्रंथ होता. तो चीनमध्ये काम करणाऱ्या ब्रिजमन नामक अमेरिकन बोर्डाच्या मिशनऱ्याने लिहिला होता. दुसऱ्या लहान पुस्तकांत ख्रिस्ती शास्त्राची ओळख होती. आकाश व पृथ्वी निर्माण करणारा देव आहे व तो स्वर्गीय पिता आहे, हा विचार वाचून तरुणाच्या मनात मोठी खळबळ झाली. तोवर आपण सरदाराचे चाकर व बापाचे पुत्र एवढीच त्यास स्वतःची ओळख होती. सर्वांवर एक पिता असेल तर सरदारही त्याचे लेकरू आणि मीही त्याचेच लेकरू, असे त्यास वाटू लागले. वाचकहो, हा विचार आपल्या वाडवडिलांनी प्रथम ऐकिला तेव्हा त्यांच्याही अंतःकरणात असेच झाले नसेल काय?

दुसरे नाव

सन १८६४मध्ये तो उत्तरेकडील हाकोदाते बंदरी गेला. तेथे निकोलाय नावाच्या रशियन पाद्र्याच्या घरी राहून त्याने त्यास जपानी भाषा शिकविण्यास मदत केली. बंदरातील एका इंग्रज व्यापाऱ्याकडे काम करणारा फुकुशी उनोकिची हा त्याचा मित्र झाला. त्या उन्हाळ्यातील एका रात्री ह्या मित्राने त्यास लहान होडीत घालून ‘बर्लिन’ नावाच्या अमेरिकन जहाजापाशी नेले व कप्तान सेव्हरी ह्यांनी त्यास आत लपविले. त्याचे वय तेव्हा एकवीस वर्षांचे होते. सापडता तर प्राणास मुकता, आणि घरी आईबापांस काही कळविण्याची सोय नव्हती.

ज्याने घरी कधी भांडे उचलले नाही त्या सामुराईच्या मुलास आता जहाजावर कप्तानाची भांडी घासावी लागली. एकदा एका उतारूने इंग्रजी न समजल्यावरून त्यास मारिले. तो संतापाने खोलीत गेला व तलवारीस हात घातला. परंतु ज्या कार्यासाठी आपण सर्वस्व सोडिले ते एका तडाख्यासाठी घालवावे काय, असा विचार करून तो खाली बसला. शांघाय बंदरी त्यास ‘वाइल्ड रोव्हर’ नावाच्या दुसऱ्या जहाजावर जागा मिळाली. आपली लांब तलवार त्याने कप्तान टेलर ह्यांस देऊन टाकिली. धाकटी तलवार हाँगकाँग येथे त्याच कप्तानास विकून त्या पैशांतून चिनी भाषेतील नवा करार विकत घेतला. तलवार ही सामुराईच्या कुळाची खूण होती. ती देऊन त्याने शास्त्र घेतले, ही गोष्ट लहान समजू नये.

शिमेता हे नाव कप्तानाच्या जिभेस जड गेले, म्हणून त्याने त्यास जो अशी हाक मारण्यास आरंभ केला. जो हे इंग्रजीत योसेफ नावाचे लहान रूप होय. सुमारे एक वर्षाच्या प्रवासानंतर सन १८६५च्या जुलै महिन्यात जहाज बॉस्टन शहरी पोहोचले. जहाजाचे मालक आल्फियस हार्डी हे धर्मशील व्यापारी असून अमेरिकन बोर्डाच्या कारभारी मंडळावर होते. त्यांनी व त्यांच्या पत्नीने ह्या परक्या तरुणास पुत्राप्रमाणे घरात घेतले. परदेशी गेलेला योसेफ जसा दुष्काळात आपल्या लोकांच्या उपयोगी पडला तसा हाही पडेल, असा भाव हार्डी ह्यांनी त्या नावात पाहिला. अशा रीतीने शिमेताचा जोसेफ हार्डी नीजिमा झाला.

हार्डी ह्यांच्या खर्चाने त्यांचे शिक्षण झाले. अँडोव्हर येथील शाळेत असता ३० डिसेंबर १८६६ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातून सन १८७०मध्ये त्यांनी पदवी घेतली. पाश्चात्त्य कॉलेजाची पदवी मिळविणारे ते पहिले जपानी गृहस्थ मानिले जातात. पुढे त्यांनी अँडोव्हर येथील ईश्वरज्ञानाच्या विद्यालयात अभ्यास केला. सन १८१३मध्ये मुंबईस उतरून आपल्या मराठी देशात मिशनचे काम आरंभणारे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हेही त्याच विद्यालयात शिकले होते व त्याच बोर्डाने पाठविले होते. म्हणून नीजिमा ह्यांस आपण दूरचे परके न मानिता एकाच घरातील भाऊ मानण्यास हरकत नाही.

सन १८७२मध्ये जपानच्या सरकारचे थोर शिष्टमंडळ अमेरिकेस आले. जपानचे तेथील वकील मोरी ह्यांनी नीजिमा ह्यांच्या शिक्षणाचा सर्व खर्च सरकारातून फेडण्याची तयारी दाखविली होती, परंतु सरकारचे बंधन पडेल म्हणून त्यांनी ती नाकारिली. शिक्षणखात्याचे अधिकारी तानाका ह्यांच्या भेटीस वॉशिंग्टन येथे जपानी विद्यार्थी जमले तेव्हा सर्वांनी कमरेत वाकून मुजरा केला. नीजिमा मात्र एका कोपऱ्यात सरळ उभे राहिले. ते सरकारचे आश्रित नसून स्वतंत्र गृहस्थ आहेत असे मोरी ह्यांनी समजावून सांगितले, तेव्हा तानाका स्वतः पुढे आले, त्यांनी हस्तांदोलन केले व त्यांस आदराने नमस्कार केला. धन्याच्या हातचा मार खाणारा लेखनिक आता असा उभा राहू शकला. ह्यात गर्व नव्हता, कारण पुढे तानाका ह्यांच्याबरोबर युरोपातील शाळा पाहण्याचे व दुभाष्याचे काम त्यांनी मोठ्या निष्ठेने केले.

सन १८७४च्या सप्टेंबरात बॉस्टन येथे त्यांची पाळकपदावर दीक्षा झाली. त्यानंतर ९ ऑक्टोबर रोजी व्हरमाँट प्रांतातील रटलंड गावी बोर्डाची वार्षिक सभा भरली. तेथे निरोपाचे चार शब्द बोलण्यास ते उभे राहिले आणि आपल्या देशात एक ख्रिस्ती विद्यालय व्हावे म्हणून डोळ्यांत अश्रू आणून मदत मागू लागले. पैसे घेतल्यावाचून आपण खाली बसणार नाही असा त्यांचा निश्चय होता. धनवानांनी मोठ्या रकमा सांगितल्या व सुमारे ५,००० डॉलरांची वचने मिळाली. सभा संपल्यावर एक गरीब म्हातारा शेतकरी त्यांजपाशी आला व त्याने दोन डॉलर त्यांच्या हाती ठेविले. ते त्याचे गाडीचे भाडे होते, आणि आपण घरी पायी जाऊ असे त्याने सांगितले. एका वृद्ध विधवेनेही तितकेच दिले. नीजिमा ह्या देणग्यांस सर्वांत मोलाच्या मानीत. ज्या मंडळ्यांत भगिनी पिठाची मूठ देवासाठी रोज बाजूस काढितात त्यांस ह्याचे कारण सांगावयास नको.

तिसरे नाव

सन १८७४च्या नोव्हेंबरात, दहा वर्षांनी, ते मायदेशी परतले. ख्रिस्ती धर्माच्या बंदीचे फलक सन १८७३मध्ये उतरविले गेले होते, तरी लोकांच्या मनातील भय गेले नव्हते. आता त्यांनी शिमेता हे नाव पुन्हा घेतले नाही, आणि परदेशी नावही जसेच्या तसे ठेविले नाही. जो हा उच्चार राखून तो त्यांनी आपल्या देशाच्या लिपीतील एका अक्षराने लिहिण्यास आरंभ केला. त्या अक्षराचा एक अर्थ साहाय्य करणे असा आहे. परक्या कप्तानाने सोयीसाठी दिलेली हाक अशा रीतीने त्यांच्या देशभाषेतील नाव झाली.

प्रथम ते अन्नाका येथे आईबापांस भेटले व तेथे तीन आठवडे शुभवर्तमान सांगितले. पुढे सन १८७८मध्ये तेथील तीस माणसांस त्यांनी बाप्तिस्मा दिला व मंडळी स्थापन झाली. विद्यालयासाठी त्यांनी क्योतो शहर निवडिले. ते बौद्ध धर्माचे मोठे ठाणे असल्यामुळे विरोध फार झाला. परंतु तेथील सरकारी सल्लागार यामामोतो काकुमा ह्या नेत्रहीन पण दूरदृष्टीच्या गृहस्थांनी आपली जागा दिली. २९ नोव्हेंबर १८७५ रोजी आठ विद्यार्थी घेऊन शाळा सुरू झाली. शिक्षक दोनच होते, एक नीजिमा व दुसरे जेरोम डेव्हिस नामक मिशनरी. शाळेचे नाव दोशिशा, म्हणजे एका ध्येयाने एकत्र आलेल्यांचा संघ. शाळेच्या इमारतीत शास्त्र शिकवू नये अशी अट पडली, तेव्हा ते शेजारच्या घरात शिकविले जाई.

काकुमा ह्यांची बहीण याए हिच्याशी ३ जानेवारी १८७६ रोजी त्यांचा विवाह झाला. आदल्याच दिवशी तिचा बाप्तिस्मा झाला होता. ही बाई लढवय्यी होती. सन १८६८च्या यादवीत आइझू किल्ल्याच्या वेढ्यात तिने बंदूक चालविली होती. ख्रिस्ती मनुष्याशी लग्न ठरले म्हणून तिची शाळेतील नोकरी गेली. ती पतीस नावाने, जो अशी हाक मारी, आणि त्यामुळे नगरात तिची मोठी निंदा झाली असे सांगतात. आपल्याकडे पतीचे नाव उखाण्यावाचून ओठी न आणणाऱ्या भगिनींस हे धाडस वाटेल. नीजिमा ह्यांस त्याचा राग नव्हता. उलट घरात व शाळेत कोणी कोणास हलके लेखू नये असा त्यांचा कटाक्ष असे. विद्यार्थी कितीही लहान असो, त्याच्या नावापुढे ते सान हा शब्द लाविल्यावाचून राहत नसत. आपल्या भाषेत राव किंवा जी लावावे तसा तो आदराचा शब्द आहे. त्या काळी गुरूने शिष्यास असे संबोधणे ही नवलाची गोष्ट होती.

आता ज्या प्रसंगासाठी हे चरित्र मला विशेष प्रिय आहे तो सांगतो. सन १८८०च्या आरंभी नीजिमा सुवार्तेच्या फेरीवर असता शिक्षकांनी एका इयत्तेच्या दोन तुकड्या एक केल्या. हे वरच्या तुकडीच्या विद्यार्थ्यांस मानवले नाही व ते वर्गावर येईनासे झाले. नियमाप्रमाणे त्यांस शिक्षा होणे प्राप्त होते. नियम मोडला असता शिक्षा न करावी तर शाळा कशी चालावी? आणि शिक्षा करावी तर ज्यांची मने आम्ही विचारात घेतली नाहीत त्यांसच दंड केल्यासारखे होते. १३ एप्रिलच्या सकाळी उपासनेच्या वेळी नीजिमा हातात काठी घेऊन सर्वांपुढे उभे राहिले. दोष ना विद्यार्थ्यांचा ना शिक्षकांचा, तो प्रमुख ह्या नात्याने आपला आहे, म्हणून शिक्षाही आपणच घेतो, असे सांगून त्यांनी उजव्या हाताने स्वतःच्या डाव्या हातावर काठी मारण्यास आरंभ केला. काठी मोडून तिचे तुकडे उडाले तरी ते थांबेनात. शेवटी एका विद्यार्थ्याने धावत जाऊन त्यांचा हात धरिला. सभागृहात रडू कोसळले. त्या मोडक्या काठीचे तुकडे दोशिशाने जपून ठेविले आहेत.

ह्या प्रसंगाने सर्वच काही सुरळीत झाले असे नाही. पुढे थोर लेखक म्हणून प्रसिद्धीस आलेला तोकुतोमी हा विद्यार्थी त्यानंतर लवकरच शाळा सोडून गेला. तथापि गुरुशिष्यांचे प्रेम तुटले नाही. सन १८८८मध्ये दोशिशास विश्वविद्यालय करावे म्हणून नीजिमा ह्यांनी देशापुढे विनंती मांडिली, ती प्रसिद्ध करण्यात तोकुतोमी ह्यांनीच पुढाकार घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेहून परतणाऱ्या आपल्या पंडिता रमाबाई जपानात उतरल्या होत्या. पुढल्या मार्च महिन्यात त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडिले. पूर्वेकडील दोन देशांत विद्यादानाची ही कामे एकाच समयी चालली होती.

नीजिमा ह्यांचे हृदय फार दिवसांपासून दुखणाईत होते. सन १८८४मध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगरात ते इतके अत्यवस्थ झाले की त्यांनी मृत्युपत्र लिहून ठेविले. तरी बरे होऊन ते पुन्हा कामास लागले. विश्वविद्यालयासाठी निधी जमवीत फिरत असता सन १८८९च्या नोव्हेंबरात ते पुन्हा आजारी पडले, आणि २३ जानेवारी १८९० रोजी समुद्रकाठच्या ओइसो गावी एका उतारशाळेत त्यांनी देह ठेविला. वय ४६ वर्षांचे होते. अखेरच्या दिवसांत त्यांनी शेवटचे निरोप सांगितले ते तोकुतोमी ह्यांनी लिहून घेतले. चाकोरीत न बसणाऱ्या तेजस्वी मुलांस दडपू नये, त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यांस वाढू द्यावे, अशी त्यांत शाळेविषयी आज्ञा होती. क्योतो येथे विद्यार्थ्यांनी त्यांची शवपेटी खांद्यावर वाहून न्याकुओजी टेकडीवर नेली. विश्वविद्यालय त्यांनी डोळ्यांनी पाहिले नाही. दोशिशास तो कायदेशीर दर्जा सन १९२०मध्ये मिळाला. त्यांच्या पत्नी याए सन १९३२पर्यंत हयात होत्या.

प्रिय उपदेशक बंधूंनो, आता मी आपला प्रश्न पुन्हा घेतो. नाव बदलावे की राखावे, हे ज्याचे त्याने प्रार्थनापूर्वक ठरवावे. नीजिमा ह्यांची दोन नावे दुसऱ्यांनी दिलेली होती. तिसरे त्यांनी स्वतः स्वीकारिले आणि सेवेने भरून काढिले. परंतु दुसऱ्याच्या नावाचा मान राखणे हे मात्र प्रत्येकावर बंधनकारक आहे. आपल्या गावांत आपल्याच लोकांस पिढ्यान्‌पिढ्या कशा हाका पडल्या हे आपण विसरलो नाही. नाव कितीही चांगले असो, ते तोडून त्यास या जोडावा, गणपत असेल त्यास गण्या म्हणावे, पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्यासही पाटलाच्या पोराने अरे म्हणावे, हे आपण सोसले आहे. दुःखाची गोष्ट ही की तीच रीत आपण मंडळीतही आणिली आहे.

मी हे दुसऱ्यांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी शब्बाथ शाळेत एका मुलास मी अशीच तोडकी हाक मारिली. तो जागचा उठला नाही. मी रागावून त्यास तासभर उभे केले. सायंकाळी बाप्तिस्म्याची वही चाळिता त्याचे पूर्ण नाव माझ्याच अक्षरात लिहिलेले आढळले. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नामाने ज्या नावाने मी त्यास हाक मारिली होती ते नाव मीच मोडिले होते. काठी कोणाच्या हातावर पडावयास हवी होती हे त्या रात्री मला कळले. पुढच्या रविवारी सर्वांदेखत मी त्याची क्षमा मागितली व त्यास त्याच्या पूर्ण नावाने बोलाविले. तेव्हा तो उठून उभा राहिला.

येत्या रविवारी शब्बाथ शाळेचा पट वाचिताना प्रत्येक लेकराचे नाव पूर्ण उच्चारावे, आणि मंडळीतील गुराख्यास व मोलकरणीसही आदराने हाक मारावी, एवढीच माझी विनंती आहे. मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने ओळखितो हे आपण दर वर्षी शिकवितो. त्या मेंढपाळाचे चाकर म्हणून त्याच्या मेंढरांची नावे तरी आपण नीट घेऊ या.